इंजिन धुणं

शिवगंगाकाकू.

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं की माझ्या तोंडून आधी हे नाव निघतं, आई-वडिलांचं मागून. आईला हे माहीत आहे. ती म्हणते, बरोबरच आहे, जन्म मी दिला, वाढवलं त्यांनी. तर त्याच काकूंच्या बाबतीत मी एक गोष्ट केली, आणि ती आजवर कुणापुढं बोललो नाही. बायकोपुढं नाही, आईपुढं नाही. लिहिली फक्त. ते शेवटी सांगतो. आधी मला थोडं आनंदाचं बोलू द्या. कारण ही गोष्ट सुरू झाली ती आनंदात, आणि खरं सांगू? मी मधे आलो नसतो, तर ती सगळीच आनंदाची होती.

माझे वडील माकणीजवळ एका शेतावर सालगडी होते. मालकाची अवजारं आणायला ते मुरुमला काकांच्या, म्हणजे काकूंच्या यजमानांच्या, दुकानात यायचे. खिळे, दोर, विळे, रंग, असं सगळं मिळणारं दुकान. एकदा मी बरोबर होतो. काकांनी दुकानाच्या पाटीवरचं मला वाचायला लावलं, मी वाचलं, आणि ते वडिलांना म्हणाले, "ह्याला इथंच ठेवा की. शाळा जवळ हाय." एवढंच. आठवीपासून पदवीपर्यंत मी त्या दुकानाच्या माडीवर राहिलो. एका बाजूला रंगाचे डबे आणि दोराची भेंडोळी, दुसऱ्या बाजूला माझी वळकटी. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिलाच. आज धाराशिवला विज्ञान शिकवतो.

दुकानात मराठी चालायची आणि घरात कन्नड. काकूंचं माहेर सीमेपलीकडचं, शाळा कन्नड. कॅलेंडरवरच्या सणवारांवरून त्यांनी मला अक्षरं शिकवली. पण मी सगळ्यात आधी शिकलो तो त्यांचा प्रश्न — "ऊट आतेन?" जेवण झालं का? सकाळ असो, परीक्षा असो, कुणी गेल्याची बातमी असो, काकूंचं पहिलं वाक्य हेच. अजूनही फोन उचलला की आधी हेच. हे लक्षात ठेवा. असा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला मी नंतर काय दिलं, ते सांगायचं आहे.

आता इंजिनाकडं येतो.

मी आठवीत असताना काकांनी आम्हाला येडशीहून बार्शीला छोट्या गाडीनं नेलं होतं. मुरुमहून एवढ्या लांब एसटीनं जायचं, का तर पुढं गाडीत बसायचं! काकूंनी दशम्या बांधून घेतल्या होत्या. पुढं डिझेलचं इंजिन. अरुंद रुळांवर ते असं डुलायचं, जणू लग्नाहून जेवून परत निघालंय. काकू खिडकीशी बसल्या होत्या आणि बार्शी येईपर्यंत त्यांचा चेहरा निम्मा काळा झाला होता. काका म्हणाले, "आता कुणी विचारलं तर सांगेन, ही ड्रायव्हरीण हाय." काकू इतक्या हसल्या की समोरच्या बाकावरची अनोळखी बाईही हसायला लागली.

पुढं ती लाईन रुंद झाली आणि छोटी गाडी गेली. मला नोकरी लागली त्या वर्षी काका म्हणाले, "दत्ता, ती गाडी आपण वर बसवू." वर म्हणजे माडीवर, जिथं माझी वळकटी असायची तिथं. असं आमचं येडशी सुरू झालं. फळ्यांच्या टेबलावर स्टेशन, पाण्याची टाकी, बाभळी, मालाच्या गोण्या, आणि वीतभर लांबीचं डिझेल इंजिन. आतली मोटर आणि चाकं मी विकत मागवली. वरचा सांगाडा प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापला. बारीक तारेचे कठडे केले, शिट्टीचे भोंगे सुईच्या टोकाइतके, पायऱ्या, दिवा, डब्याला जोडायचा आकडा. रंग गडद लाल, मधे पिवळा पट्टा. नंबर काकांनी घातला. स्वतःच्या दुकानाची पाटी त्यांनीच रंगवली होती, हात कसा ठाम! त्यांचा नऊ म्हणजे पोट पुढं काढून उभा राहिलेला शेटजी. तो एवढासा नऊ त्यांनी श्वास रोखून काढला आणि मग म्हणाले, "झालं. आता सरकारला कळवा."

इंजिन असं चकचकीत झालं की मला आवडेना. बार्शीला नेणारं इंजिन असं कुठं होतं? त्याच्या छपरावर धुराचा काळा पट्टा होता, पोटाशी डिझेलचे ओघळ, पायऱ्यांचा रंग बुटांनी घासून गेलेला, खाली चाकांपाशी वाटेची सगळी धूळ. तर ते सगळं आता रंगानं, पुडीनं, कापसानं करायचं. या छंदातले लोक त्याला वेदरिंग म्हणतात. काकू माडीवर आल्या, मी नव्या कोऱ्या इंजिनावर पातळ काळा रंग फासत होतो ते बघितलं आणि दारातच थांबल्या.

"अय्यो, हे काय होलसु करतोयस रे?"

होलसु म्हणजे घाण. मी समजावून सांगितलं, की इंजिन जुनं दिसायला हवं, चाललेलं दिसायला हवं. काकूंनी थोडा वेळ विचार केला. मग म्हणाल्या, "म्हंजे मळवायचं हाय." आणि बसल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात वेदरिंगला मळवणं हाच शब्द. यापेक्षा चांगला शब्द मला आजवर सापडलेला नाही.

काय मजा होती हो! आम्ही आठवड्याच्या सुट्ट्या इंजिन मळवण्यात घालवल्या. धुराची काजळी काकूंनी निरांजनावर ताटली धरून जमवली आणि काजळासारखी तुपाच्या बोटानं नव्हे, कोरड्या पिसानं उचलली. राखाडी धूळ विभूतीची. "महादेवाची हाय, इंजिनाला चालंल," असं म्हणून त्यांनी देव्हाऱ्यातली चिमूटभर दिली आणि वर डोळे मिटून हात जोडले. तांबडी धूळ पाहिजे होती, मी म्हटलं शहरातून मागवतो, तर काका खालून ओरडले, "मुरुमात राहून मुरूम विकत आणतोस व्हय?" काकूंनी तो कुटला, वस्त्रगाळ केला, मसाल्याच्या डब्यातल्या एका वाटीत भरून आणला. हळदीच्या वाटीत. दोन दिवस घरात कुणाच्या भाजीत काय पडतंय याची सगळ्यांना धास्ती.

पहिल्यांदा घाण म्हणणाऱ्या काकूच पुढं म्हणायला लागल्या, "हितं अजून जरा होलसु पायजे." इंजिनाच्या दारापाशी बोट दाखवायच्या — ड्रायव्हर तेलाच्या हातानं दार धरणार, तिथं काळं नको का? मी लावायचो. त्या मान तिरकी करून बघायच्या, भाजीत मीठ पुरेसं आहे का बघतात तशी. आणि मग गाडी सोडायचा मान त्यांचा. बटण फिरवायच्या आधी "सोडू का?" असं विचारायच्या. आम्ही दोघं "सोडा" म्हणायचो. तरी पुन्हा एकदा "सोडू?"

त्या वेळची माडी मला आज डोळ्यांपुढं धरता येते. इतकं सुख होतं तिथं. म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं. बघा, मी परत आनंदावरच रेंगाळतोय. पुढं जातो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, दुकानाची पूजा असते. घरातली सगळी हत्यारं, अवजारं धुवून, पुसून, हळदकुंकू लावून मांडायची. काकूंची पद्धत अशी, की अष्टमीच्या संध्याकाळी ज्यानं त्यानं आपापली हत्यारं एका मोठ्या परातीत ठेवायची. पहाटेच्या अंधारात काकू ती परात नळाखाली नेऊन काथ्यानं, साबणानं सगळं घासून काढायच्या. परातीत जे आहे ते धुतलं जाणार, हा घरातला कायदा. एकदा काकांचा चष्मा धुतला गेला, एकदा महानंदाताईंची गणिताची वही. महानंदाताई म्हणजे काकूंची मुलगी, माझ्याहून मोठी. आम्ही दोघं काकूंच्या मागं म्हणायचो, परातीत बसायचं नाही, अंघोळ घालतील.

त्या वर्षी पूजेला येणाऱ्या सगळ्यांना आमचं येडशी दाखवायचं ठरलं होतं. मी बाजारपेठेत सांगत सुटलो होतो. शाळेतल्या सहकाऱ्यांनाही मुरुमला बोलावलं होतं. इंजिन मळवून झालं होतं, फक्त शेवटचा हात राहिला होता. धूळ, काजळी टिकावी म्हणून वरून मंद वार्निशचा फवारा मारायचा. बाहेर परतीचा पाऊस, हवा ओली. दमट हवेत वार्निश मारू नये, हे मला माहीत होतं. विज्ञान शिकवतो मी. पण उद्या लोक येणार होते ना? मी मारलं.

ते पांढरं पडलं. साऱ्या इंजिनावर धुक्यासारखी साय. मी घाबरलो. खालून थिनर आणला — आणि पुसायला लागलो. पुसलं तशी साय गेली, तिच्याबरोबर काजळी गेली, मुरूम गेला. आणखी पुसलं तर पिवळा पट्टा फिसकटला. आणि मग नऊ. काकांचा तो पोट पुढं काढलेला नऊ माझ्या कापसावर उतरला.

काका तेव्हा आजारातून उठले होते आणि त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. तो नऊ आता पुन्हा होणार नव्हता. हे मला कळत होतं. आणि खाली स्वयंपाकघरात काकू सगळ्यांसाठी पुरणाची डाळ निवडत होत्या, तोंडानं शिवभक्तीचं कन्नड वचन गुणगुणणं चालू होतं.

मी काय केलं?

आजवर मी स्वतःलासुद्धा असं सांगत आलो, की मी इंजिन गडबडीत कुठंतरी ठेवलं. टेबल आवरताना पकड, कानस, ब्रश असं सगळं उचललं, त्यात तेही गेलं असेल. किती वर्षं मी हेच घोकलं! पण तसं नाही. मी ते दोन बोटांनी उचललं. पकड आणि कानस यांच्यामधे जागा केली. आणि परातीत ठेवलं. वर फडकं टाकलं. परातीत ठेवलेलं सकाळी धुतलं जातं, हे त्या घरात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मला ते धुतलं जायलाच हवं होतं.

पहाटे काकू माडीवर आल्या. पदरात ओलं इंजिन. त्यावर पट्टा नाही, नंबर नाही, लालही जागोजागी सुटलेलं. त्यांच्या हातात अजून काथ्या होता.

"दत्ता," त्या म्हणाल्या, "माझ्या हातानं गेला का रे नंबर? त्यांचा नंबर गेला का?"

मी हो म्हणालो नाही. नाही म्हणालो नाही. मी म्हणालो, "जाऊ द्या काकू. पुन्हा करू."

म्हणजे काय केलं मी, कळलं का तुम्हाला? मी त्यांना माफ केलं. माझ्या अपराधाची माफी मी त्यांना दिली, आणि ती त्यांनी दोन्ही हातांनी घेतली. डोळे पुसले. खाली जाऊन सगळ्यांना सांगितलं, की पोरगं एक शब्द बोललं नाही, किती मोठ्या मनाचं. पूजेला आलेल्या एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली. मी ती थोपटू दिली.

आणि मग ती गोष्ट विनोद झाली. आमच्या घराला हसायला वेळ लागत नाही. महानंदाताईंनी दिवाळीपर्यंत त्याचा वाक्प्रचार करून टाकला — इंजिन धुणं. एखाद्यानं चांगल्याचं वाईट केलं, तेही जास्तीच्या काळजीनं, की म्हणायचं, ह्यानं इंजिन धुतलं. न्हाव्यानं केस जास्त कापले तर इंजिन धुतलं. पोरानं खोडरबर घासून वही फाडली तर इंजिन धुतलं. ताईंच्या नवऱ्यानं रेशमी साडी मशीनमध्ये टाकली, त्या दिवशी तर ताईंनी मला धाराशिवला फोन केला, "दत्ता, ह्यांनी इंजिन धुतलं रे," आणि हसून हसून पुढचं बोलताच येईना. दुकानातली गिऱ्हाइकं म्हणायला लागली. आता तर ज्यांनी काकूंना बघितलेलंही नाही अशी माणसं मुरुमच्या बाजारात म्हणतात. मीही म्हणालो आहे. जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांबरोबर. माझ्या तोंडून तो शब्द निघाला तेव्हा काकू वाढत होत्या. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. नेहमीच हसतात.

पण त्यांनी पुन्हा गाडी सोडली नाही.

मी दुसरं इंजिन केलं, चांगलं झालं, नंबर छापील चिकटवला. ते मळवायला काकू आल्या नाहीत. गाडी बघायला येतात, पण दाराशी उभ्या राहतात. हात पाठीमागं. मी म्हणतो, सोडा ना काकू. त्या म्हणतात, "नको बा. माझ्या हाताला गुण न्हाय." ज्यांच्या हातच्या शेंगाचटणीसाठी लातूरहून माणसं यायची, त्या असं म्हणतात. सगळ्यांना वाटतं चेष्टेनं म्हणतात. मला माहीत होतं, चेष्टेनं नाही. आणि तरी मी गाडी स्वतः सोडायचो, आणि शिट्टी वाजवायचो, आणि काका टाळ्या वाजवायचे. आनंद होताच की. तो खोटा नव्हता. एक माणूस त्यातून दाराबाहेर गेलं होतं, एवढंच. आणि ते माणूस कोण, ते मी पहिल्या ओळीत सांगितलं आहे.

सांगायला वेळ मिळाला नाही, असंही नाही. दर रविवारी फोन असतो. पण फोन उचलला की "ऊट आतेन?" आणि त्यावर मी हो म्हणतो, आणि त्या आज काय भाजी केली ते विचारतात, आणि मग मला वाटतं, कशाला. बघा, किती सोपं असतं. कशाला हा शब्द माझ्यासाठी भिंतीसारखा उभा राहिला.

गेल्या खंडेनवमीला मी मुरुमला होतो. काकू आता थकल्या आहेत, परात दुसरंच कुणी धुतं. इंजिन मी स्वतः खाली आणून पाटावर ठेवलं, पूजेसाठी. काकूंनी सगळ्या हत्यारांना बोटानं कुंकू लावलं. पकडीला, कानसेला, तागडीला. इंजिनापाशी आल्या आणि थांबल्या. झेंडूचं एक फूल घेतलं, त्याचं देठ कुंकवात बुडवलं, आणि लांबूनच, देठाच्या टोकानं, इंजिनाला टिकली लावली. हात लागू नये म्हणून. मग माझ्याकडं बघून हसल्या. "धुतलं न्हाय बघ," म्हणाल्या.

सगळे हसले. मीही.

मग मी घरी येऊन पत्र लिहिलं. फोनवर मी परत भाजीवर आलो असतो, मला स्वतःची खात्री नव्हती. पत्र कन्नडमध्ये लिहिलं, कारण काकू तेच वाचतात, आणि त्यांना ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागू नये. मी आयुष्यात कन्नडमध्ये लिहिलेलं हे पहिलंच पत्र. अक्षरं त्यांनीच शिकवलेली. ते पोचलं आहे. त्यात लिहिलं होतं ते मराठीत असं:

तीर्थस्वरूप शिवगंगाकाकूंना दत्ताचा साष्टांग नमस्कार.

लिहिण्यात चुका दिसतील. त्या माझ्या आहेत, तुम्ही नीट शिकवलं होतं.

काकू, ते इंजिन तुम्ही बिघडवलं नाही. अष्टमीच्या संध्याकाळी मी ओल्या हवेत त्यावर वार्निश मारलं. ते पांढरं पडलं, म्हणून मी थिनरनं पुसलं. पिवळा पट्टा तेव्हाच गेला. काकांचा नंबरही तेव्हाच गेला. तुम्ही खाली डाळ निवडत होता. मग मी ते परातीत ठेवलं. चुकून नाही. तुम्ही सकाळी परात धुणार, हे माहीत होतं म्हणून ठेवलं.

सकाळी तुम्ही विचारलंत, आणि मी जाऊ द्या म्हणालो. ते म्हणणं माझं नव्हतं. ते तुमचं होतं, आणि मी ते तुमच्याकडून काढून घेतलं. त्यानंतर सगळे हसले तेव्हा मी हसलो. इंजिन धुतलं असं मीही म्हणालो, तुम्ही वाढत असताना.

काकांना आणि महानंदाताईंना हेच सगळं मी वेगवेगळं लिहून कळवलं आहे, म्हणजे ते तुमच्याकडून कळायला नको.

तुमच्या हातात गुण होता. त्या दिवशी पहाटेसुद्धा होता. परातीतलं बाकी सगळं लखलखीत निघालं होतं.

माझं जेवण झालं आहे.

तुमचा,
दत्ता